दोन कॅलिपरमधून दोन जातींचे पिस्टन निघाले, आता कोणते टाकावेत?

चाळीसगाव_चाक

नमस्कार मंडळी.

२००९ ची पेट्रोल सेदान, रिकामी साधारण १,०५० किलो. समोर डिस्क, एका पिस्टनचा सरकता कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग), बॉडी बिडाची. मागे ड्रम. ब्रेक सोडल्यावर डावं पुढचं चाक मोकळं होत नाही. २० किलोमीटर चालवलं की डाव्या रिमला हात लावता येत नाही, उजवं मात्र कोमटच. म्हणून दोन्ही कॅलिपर उतरवून पिस्टन काढले.

डावीकडचा पिस्टन तपकिरी-काळपट आहे, बॅकेलाइटसारखा, वजनाला हलका, चुंबक लागत नाही. तोंडाच्या कडेला दोन टवके उडालेत. उजवीकडचा चकचकीत लोखंडी आहे, त्याला चुंबक लागतो, म्हणजे तो आधी कुणीतरी बदललेला. डस्ट बूट (धूळ अडवणारं रबरी आवरण) बसतो त्या खाचेजवळ त्याचं प्लेटिंग फुगलंय आणि खाली बारीक खड्डे दिसतात.

मायक्रोमीटरने घेतलेली मापं: डावा पिस्टन मधोमध ५३.९६, ऑइलकडच्या टोकाला ५४.०२ मिमी. उजवा सगळीकडे ५३.९२. बोअर, म्हणजे पिस्टन सरकतो ते बॉडीतलं भोक, दोन्हीकडे ५४.०४.

एमआयडीसीतला एक लेथवाला म्हणतो, स्टेनलेसच्या रॉडमधून दोन्ही काढून देतो, जन्मभर गंज नाही. दुसऱ्याने ॲल्युमिनियम सुचवलं, हलकं असतं म्हणून. आठवड्यातून दोनदा कन्नडचा घाट उतरावा लागतो, बाकी धुळे-जळगाव. उन्हाळ्यात इकडे पारा ४५ ला टेकतो हे तुम्हाला माहीतच आहे. कोणता पिस्टन घ्यावा आणि का?

---

तापीकाठ

भाऊ, मापं घेऊन विचारलंत हे फार चांगलं केलंत. अर्धं उत्तर त्या मापांतच आहे.

डावा पिस्टन फिनॉलिकचा आहे. राळ आणि भराव यांचा साचा, तुम्ही म्हणता तसा बॅकेलाइटचाच भाऊबंद. तो ओलावा शोषतो आणि फुगतो. ऑइलकडच्या टोकाला ५४.०२, मधोमध ५३.९६, म्हणजे जे टोक वर्षानुवर्षं ब्रेक ऑइलमध्ये बुडून होतं तेच वाढलं. ५४.०४ च्या बोअरमध्ये तिथे फक्त ०.०२ मिमी फट उरली. उजवीकडे तीच फट ०.१२ आहे. पिस्टनला मागे ओढणारी ताकद म्हणजे केवळ त्याच्याभोवतीच्या चौकोनी सीलचा, म्हणजे ऑइल अडवणाऱ्या रबरी कड्याचा ताण. ब्रेक दाबला की सील पिस्टनबरोबर किंचित वाकतं, सोडला की सरळ होताना पिस्टनला केसभर मागे नेतं. वेगळी स्प्रिंग नसते. एवढ्याशा ताणाला ०.०२ च्या फटीतून फुगलेला पिस्टन ओढता येत नाही. डावं चाक तापतंय त्याचं हे पुरेसं कारण आहे.

आता धातूंकडे. ब्रेकचा विचार करताना उष्णता डिस्ककडून पॅडमध्ये, पॅडच्या पत्र्यातून पिस्टनमध्ये आणि पिस्टनमधून ऑइलमध्ये कशी जाते ते बघायचं. उष्णता वाहून नेण्याची क्षमता (वॅट प्रति मीटर-केल्व्हिन) ढोबळमानाने अशी: फिनॉलिक १ पेक्षा कमी, ३०४ स्टेनलेस १६ च्या आसपास, साधं पोलाद ५० च्या आसपास, ॲल्युमिनियमचे मिश्रधातू १५० किंवा जास्त. म्हणजे रोजच्या गाडीत ॲल्युमिनियमचा पिस्टन टाकणं म्हणजे पॅडची धग सरळ ऑइलपर्यंत पोचवणं. शर्यतीच्या गाड्यांत ते चालतं, कारण तिथे वजन वाचवायचं असतं, कॅलिपरही ॲल्युमिनियमचा असतो, हवेची सोय असते आणि ऑइल सारखं बदललं जातं.

ॲल्युमिनियमची दुसरी अडचण प्रसरणाची. दर अंश सेल्सियसला बीड साधारण ११, पोलाद १२, ३०४ स्टेनलेस १७ आणि ॲल्युमिनियम २३ दशलक्षांशाने वाढतं. ५४ मिमीचा पिस्टन आणि बोअर दोन्ही १०० अंशांनी तापले तर बिडाच्या बोअरमधली फट ॲल्युमिनियममुळे ०.०६५ मिमी घटते, स्टेनलेसमुळे ०.०३२, पोलादामुळे जेमतेम ०.००५. प्रत्यक्षात पिस्टन बॉडीपेक्षा जास्त तापतो, म्हणजे फट याहूनही कमी होते. बिडाच्या कॅलिपरला पोलादी पिस्टन शोभतो तो यामुळे, दोघं बरोबरीने वाढतात.

तुमच्यासाठी माझं मत: दोन्ही बाजूंना नवे, क्रोम केलेले पोलादी पिस्टन, चांगल्या दर्जाचे. सोबत नवं डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल.

---

घाट_उतार

तापीकाठ दादांचा हिशोब बरोबर आहे, पण घाटासाठी फिनॉलिक इतक्या लवकर बाजूला ठेवू नका.

कन्नडच्या घाटात साधारण ३०० मीटर उतार धरा. माणसांसकट १,२०० किलोची गाडी तेवढी खाली आणली की सुमारे ३५ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. ८० च्या वेगातली हीच गाडी एकदा पूर्ण थांबवायला सुमारे ३ लाख ज्यूल लागतात. म्हणजे न्यूट्रलमध्ये, नुसत्या ब्रेकवर घाट उतरणं हे ८० वरून सलग बाराएक वेळा थांबण्यासारखं आहे, आणि त्यातला मोठा वाटा पुढच्या दोन डिस्कवर येतो.

ऑइलची सगळ्यात वाईट वेळ घाटात नसते. घाट उतरून तुम्ही चहाला थांबता तेव्हा ती येते. चाकावरचा वारा बंद होतो, डिस्क आणि पॅड तसेच तापलेले असतात आणि ती धग सावकाश पिस्टनमधून ऑइलमध्ये उतरत राहते. दहा मिनिटांनी गाडी काढताना पेडल मऊ लागलं तर आत वाफ झाली समजायचं. फिनॉलिक पिस्टन नेमका हा रस्ता अडवतो. उत्पादक तो वापरतात ते स्वस्त आणि हलका असतो म्हणून, हे खरं. पण उष्णता अडवतो हेही तितकंच खरं.

तेव्हा ऑइलची माहिती पक्की ठेवा. डॉट ३ चा किमान उत्कलनबिंदू ताजं असताना २०५ अंश, ओलावा शोषल्यावर १४०. डॉट ४ चा २३० आणि १५५. डॉट ५.१ चा २६० आणि १८०. लोखंडी पिस्टन टाकलात तर ऑइल दर दोन वर्षांनी बदलणं सक्तीचं समजा. डॉट ५ हे सिलिकॉनचं ऑइल वेगळं असतं, नाव सारखं वाटलं तरी ते यात मिसळायचं नाही.

---

तापीकाठ

घाट_उतार, चहाच्या थांब्याचा मुद्दा सोळा आणे खरा. तरीही इथे मी पोलादच म्हणेन. कारण या गाडीत फिनॉलिक का बिघडला ते समोर दिसतंय, तो फुगला. नवा फिनॉलिक टाकला तर तोही काही वर्षांनी त्याच वाटेने जाणार. ऑइल दोन वर्षांनी बदलता येतं, फुगलेला पिस्टन उघडल्याशिवाय कळत नाही.

आणि पावसाळ्यातली आपली काळी माती. ती चाकाच्या आत थापली जाते, सुकली की दगड होते आणि डस्ट बूटची कड उचलते. पॅड बदलताना कुणी त्या कडेला स्क्रूड्रायव्हर लावला की फिनॉलिकचा टवका उडालाच. टवका बूटच्या खाचेच्या बाहेर, नुसत्या तोंडावर आणि छोटा असेल तर पिस्टन चालतो. खाचेपर्यंत पोचला किंवा केसासारखी चीर दिसली तर पिस्टन बाद.

---

लेथ_आणि_माप

स्टेनलेसबद्दल लिहितो, कारण "जन्मभर गंज नाही" या वाक्यावर बरेच जण फसतात.

स्टेनलेसचा पिस्टन वाईट नसतो. ज्या जुन्या गाड्यांचे पिस्टन मिळतच नाहीत त्यांना तो एकमेव पर्याय असतो. प्लेटिंग नसल्यामुळे पोपडा उडायचा प्रश्न नाही. ओरखडा पडला तरी खालून गंज फुटत नाही. पण तो कसा बनवलाय यावर सगळं अवलंबून आहे, आणि लेथवाल्याला खालच्या गोष्टी स्पष्ट विचारा.

पहिला प्रश्न ग्रेडचा. ३०४ किंवा ३१६ हवं. बाजारात रेलिंग आणि ग्रिलसाठी २०२ भरपूर मिळतं, तेही "एसएस" म्हणूनच विकलं जातं आणि गंजाला कमी टिकतं. चुंबकाने फरक कळत नाही, कारण २०२ आणि ३०४ दोघांनाही चुंबक नीट लागत नाही. रॉडवर ग्रेडचा शिक्का आणि सोबत मटेरियलचा कागद असेल तरच घ्या. पाइप कापून खाली चकती वेल्ड केलेला पिस्टन तर हातातही घेऊ नका. वेल्डिंगने गोलाई जाते आणि तो जोड ब्रेकच्या दाबाखाली असतो.

दुसरी गोष्ट पृष्ठभागाची. तुमच्या कॅलिपरमध्ये सील बॉडीच्या खाचेत बसतं आणि पिस्टन त्यातून सरकतो. म्हणजे ऑइल अडवणारा पृष्ठभाग पिस्टनचा, बोअरचा नाही. नुसत्या टूलने खरादलेल्या पिस्टनवर चुडीसारख्या बारीक रेषा राहतात, त्या दर ब्रेकला सील कापतात. खरादल्यावर ग्राइंडिंग आणि मग पॉलिश, खडबडीतपणा ०.४ मायक्रॉनच्या आत. ग्राइंडिंगची सोय नसलेल्या दुकानातून पिस्टन करून घेऊ नका, मग तो माणूस कितीही हुशार असो.

माप: तुमचा चांगला पिस्टन ५३.९२ आहे, त्यावरच चाला. स्टेनलेस जास्त वाढतं म्हणून ५३.९० ते ५३.९२ ठीक. तीन उंचींवर आणि दर उंचीला ९० अंशांनी फिरवून दोनदा मोजा. सहा आकड्यांत ०.०१ पेक्षा जास्त फरक नको. आधी पिस्टन गोल शे का नही ते देखा, चमक मागून.

आणि एक चूक हमखास होते. मूळ पिस्टन वाटीसारखा पोकळ असतो, पॅडला त्याची फक्त अरुंद कड टेकते. लेथवाला मेहनत वाचवायला भिंत जाड ठेवतो किंवा वाटी उथळ करतो. मग टेकणारं क्षेत्र दुप्पट-तिप्पट होतं आणि स्टेनलेसची उष्णता कमी वाहण्याची जी थोडी मदत होती ती तिथेच संपते. वाटीची खोली, भिंतीची जाडी, एकूण उंची, बूटच्या खाचेची जागा आणि रुंदी, ऑइलकडच्या टोकाची गोलसर कड, हे सगळं जुन्या पोलादी पिस्टनसारखं हवं. टोकाची कड धारदार राहिली तर बसवतानाच सील चिरतं.

इतकं सगळं नीट करून घ्यायचं तर तयार पोलादी पिस्टन मिळत असताना स्टेनलेस कशासाठी?

---

चाळीसगाव_चाक

सगळ्यांचे मनापासून आभार. पोलादी दोन पिस्टन, दोन्ही बाजूंचं सील किट आणि डॉट ४ असं ठरवतो.

दोन शंका आहेत. उजवा लोखंडी पिस्टन पुन्हा क्रोम करून घेतला तर? आणि बोअरमध्ये तांबूस डाग आहेत, सीलच्या खाचेत गंजाची पूड साचलीय. बॉडी वाचेल का?

---

लेथ_आणि_माप

क्रोमचं आधी. बंपर आणि हँडलवर चढवतात ते सजावटीचं क्रोम, अगदी पातळ. पिस्टनला हार्ड क्रोम लागतं. खड्डे असतील तर आधी ते जाईपर्यंत घासावं लागतं, मग जाड थर चढवून पुन्हा मापाला ग्राइंड करावं लागतं. खड्ड्यावर नुसतं क्रोम चढवलं तर खड्डा चकचकीत होतो, पण राहतोच. नवीन मिळतोय तर घ्या. खड्डा आहे की नुसता डाग, हे नखाने कळतं: नख अडकलं की पिस्टन भंगारात. डाग असेल तर मऊ कापड आणि ब्रेक ऑइल पुरे. क्रोमवर पॉलिश पेपर मारू नका, थर पातळ असतो, तो गेला की वर्षभरात खालून गंज फुटतो.

नवा पिस्टन घेतानाही बूटची खाच नीट बघा. प्लेटिंग तिथेच अपुरं राहतं आणि ओल तिथेच साचते, तुमच्या उजव्याचं तेच झालंय. खाचेच्या तळाशी राखाडी, न चकाकणारी पट्टी दिसली तर दुसरा मागा.

फिनॉलिक आणि पोलादी पिस्टनची बूटची खाच कधीकधी वेगवेगळ्या जागी असते. किट घेताना जुने दोन्ही पिस्टन दुकानात घेऊन जा.

---

तापीकाठ

बॉडी वाचेल. बोअर हा सील धरणारा पृष्ठभाग नाही, त्यामुळे तिथला हलका गंज १००० नंबरचा वॉटर पेपर ब्रेक ऑइलमध्ये भिजवून गोल फिरवत काढला तरी चालतो. बोअर वाढेल इतकं घासायचं नाही. नंतर पुन्हा मोजा.

खाचेला मात्र मान द्या, सगळ्यात जास्त बिघाड तिथेच लपतो. सीलच्या मागे गंज साचला की तो सीलला आतून पिस्टनवर दाबतो. नवा पिस्टन, नवं सील घालूनही चाक जाम राहण्याचं हे नेहमीचं कारण. खाच साफ करायला पितळी तारेचा बारीक ब्रश आणि बांबूची काडी. स्क्रूड्रायव्हरने कड खरवडू नका. खाचेची एक बाजू किंचित तिरपी कापलेली असते, सीलला वाकायला जागा मिळावी म्हणून. ती कड बिघडली की पिस्टन मागे यायचा थांबतो. साफ केल्यावरही खाचेच्या तळाशी खड्डे राहिले तर बॉडी बदला.

धुवायला ताजं ब्रेक ऑइल किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल. पेट्रोल, डिझेल, रॉकेल अजिबात नको. सील ईपीडीएम रबराचं असतं, खनिज तेल लागलं की फुगून लिबलिबीत होतं. गॅरेजमधला इंजिन ऑइलचा हातही धुवून या.

बसवताना: नवं सील ब्रेक ऑइलने ओलं करून खाचेत बसवा आणि बोट गोल फिरवून कुठे पीळ राहिला नाही याची खात्री करा. बूट पिस्टनच्या ऑइलकडच्या टोकावर चढवा, बूटची बाहेरची कड बॉडीच्या खाचेत बसवा, मग पिस्टनला ऑइल लावून दोन्ही अंगठ्यांनी सरळ दाबा. शेवटी बूटची आतली कड पिस्टनच्या खाचेत आपोआप बसते. पिस्टन हाताच्या दाबाने, थोड्या नेटाने पण एकसारखा जायला हवा. हातोडी लागत असेल तर तिरका गेलाय, बाहेर काढा.

पुढच्या वेळी पिस्टन काढताना हवा वापरलीत तर अगदी कमी दाबाने, आणि समोर लाकडाची फळी. बोटं तिथे कधीही नकोत, पिस्टन गोळीसारखा सुटतो.

---

घाट_उतार

दोन गोष्टींची भर. ब्रेक जुळवण्याआधी रबरी होज बघा. जुना होज आतून फुगतो, दाबाने ऑइल जातं पण परत येत नाही, आणि लक्षण अगदी जाम पिस्टनसारखंच दिसतं. गाडी जॅकवर, ब्रेक दाबून सोडा. चाक अडलं तर ब्लीडर (कॅलिपरवरचा हवा काढायचा स्क्रू) उघडा. उघडताच चाक मोकळं झालं तर दाब वर अडकलाय, म्हणजे होज किंवा मास्टर सिलिंडर (पेडलने चालणारा ब्रेकचा मुख्य पंप). तरीही अडलेलंच राहिलं तर दोष कॅलिपरमध्ये. तुमचं माप स्पष्ट बोलतंय, तरी २००९ चा होज असेल तर दोन्ही बदलाच.

सरकत्या कॅलिपरच्या पिनाही काढा. पिन हाताने सहज सरकली पाहिजे. तिला सिलिकॉनचं ग्रीस लावा. साधं चाकाचं ग्रीस लावलं तर पिनेचं रबर फुगून तीच पिन जाम होते, आणि मग सगळा दोष नव्या पिस्टनवर येतो.

---

तापीकाठ

बरोबर. शेवटचं फिटिंग: होजच्या बोल्टला दोन्ही बाजूंना नवे तांब्याचे वॉशर, बोल्ट गाडीच्या मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच आवळा. हवा काढायला एक लिटर ऑइल जवळ ठेवा. सीलबंद डबाच घ्या, अर्धा उघडा डबा चार महिने पडून असेल तर त्यात ओलावा शिरलेला असतो. ब्लीडर कॅलिपरच्या वरच्या बाजूला येतोय ना ते बघा. डावं-उजवं उलट लागलं तर ब्लीडर खाली जातो आणि हवा कितीही काढली तरी निघत नाही.

गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत पंप करा. पिस्टन पूर्ण आत असतो, पहिल्या दोन-तीन दाबांना ब्रेक लागतच नाही.

पॅडही दोन्ही बाजूंना नवेच टाका, तापलेल्या डाव्या बाजूचे जुने पॅड नको. मोकळ्या रस्त्यावर ६० वरून २० पर्यंत आठ-दहा वेळा मध्यम ब्रेक, पूर्ण न थांबता, मध्ये थोडं अंतर चालवत. मग १५ किलोमीटर ब्रेक कमी वापरत चालवून दोन्ही रिमना हात लावा. दोन्ही सारखे कोमट असले पाहिजेत. त्यानंतरच घाट, आणि ज्या गिअरने चढता त्याच गिअरने उतरा.

---

चाळीसगाव_चाक

होज २००९ चेच आहेत, तेही यादीत घातले. उद्या जुने दोन्ही पिस्टन घेऊन धुळ्याला जातो. माप आणि बूटची खाच तिथेच जुळवून घेईन.